सागरी खात्याच्या दप्तरातील खानदेश : इतिहासाच्या अभ्यासकांना एक खुले पत्र

प्रति,
खानदेशातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांतील प्राध्यापक व संशोधक विद्यार्थी,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्हे.

विषय : मुंबई सरकारचा लंडनशी झालेला सागरी पत्रव्यवहार खानदेशाच्या इतिहासाचे साधन म्हणून अभ्यासात घेण्याबाबत.

सन्माननीय अभ्यासकहो,

सप्रेम नमस्कार. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, पदवीधरही नाही. महसूल खात्याच्या एका कचेरीत आधी आवक-जावक आणि पुढे अभिलेख कक्ष सांभाळत माझी नोकरी संपली. कागद कसा जन्माला येतो, कोणत्या टेबलावर अडतो, कोणाच्या शेऱ्याने मार्गी लागतो आणि शेवटी कोणत्या कपाटात कायमचा झोपी जातो, एवढेच मला नीट कळते. निवृत्तीनंतर आपल्याच कामाचे पूर्वज शोधावेत म्हणून मी कंपनी सरकारच्या आणि पुढे राणी सरकारच्या काळातील मुंबई इलाख्याचा लंडनशी झालेला पत्रव्यवहार छापील संग्रहांतून आणि संगणकावर मिळणाऱ्या प्रतींतून वाचू लागलो. महसूल आणि न्याय या खात्यांचे कागद वाचून झाल्यावर, केवळ कुतूहल म्हणून, सागरी खात्याकडे वळलो. जहाजे, गोद्या, कोळसा, टपाल, दीपगृहे हे सगळे आपल्या कामाचे नाही असे समजूनच मी ते वाचत होतो. परंतु जसजसे वाचत गेलो तसतशी आपली गावे, आपली जंगले आणि आपला कापूस या कागदांमागे उभा दिसू लागला. त्याविषयी आपल्याशी चार शब्द बोलावेत म्हणून हे पत्र.

खानदेशावरील प्रबंधांचे विषय आपण मनात आणून पाहावेत. भिल्लांचे उठाव, १८५२ साली जमीन मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, एरंडोल भागात झालेला रयतेचा विरोध, कापसाचा व्यापार, रेल्वे, दुष्काळ, स्वातंत्र्यलढा हे सगळे विषय मोलाचे आहेत आणि त्यांवर झालेले काम मी आदराने वाचले आहे. मात्र या सर्वांची साधने पाहिली तर ती बहुधा महसूल, न्याय आणि राजकीय या तीन खात्यांतली असतात. सागरी खात्याकडे कोणी फिरकत नाही, कारण आपल्याला समुद्र नाही. समुद्र कोकणाचा, गोदी मुंबईची, आरमार आंग्र्यांचे. आपल्या वाट्याला तापी, पांझरा आणि गिरणा. ही समजूत इतकी स्वाभाविक आहे की तिला कोणी प्रश्नच विचारत नाही. पण तापी कोठे जाते, एवढे तरी विचारायला हवे होते. तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, आणि तिच्या मुखाजवळच्या सुवाळीच्या किनाऱ्यापाशी १६१२ साली इंग्रजांनी पोर्तुगीज जहाजांशी लढाई केली. पुढच्याच वर्षी, १६१३मध्ये, सुरतेस कंपनीच्या सागरी दलाची सुरुवात झाली. तेच दल १६८६मध्ये मुंबईला हलले, १८३०मध्ये त्याला ‘इंडियन नेव्ही’ असे नाव मिळाले आणि १८६३मध्ये ते मोडले गेले. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा १६१५ साली सुरतेस उतरून बादशहाकडे निघाला तेव्हा तो आधी बऱ्हाणपुरास, म्हणजे जुन्या खानदेशाच्या राजधानीस, शाहजादा परवेझच्या भेटीला गेला होता. समुद्राकडून दिल्ली-अजमेरकडे जाणारी वाट आपल्या अंगणातून जात होती.

मूळ मुद्द्याकडे येण्यापूर्वी या पत्रव्यवहाराची रीत सांगतो, कारण ती समजली नाही तर कागद हाती येऊनही मुके राहतात. मुंबईचा गव्हर्नर आणि त्याचे कौन्सिल लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीच्या संचालक मंडळाला खातेवार पत्रे लिहीत असे. पत्रातील प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक असे, आणि लंडनहून येणारे उत्तर त्या क्रमांकांना धरून येई. आज आपण ज्याला परिच्छेदनिहाय अनुपालन अहवाल म्हणतो त्याचे हे पणजोबा. १७८४नंतर संचालकांच्या वर इंग्लंडच्या सरकारचे नियंत्रण मंडळ बसले, त्यामुळे मुंबईला जाणारा मसुदा आधी तेथे मंजूर व्हावा लागे. म्हणजे आपल्या मंत्रालयात नस्ती, म्हणजे फाइल, जशी वर-खाली फिरते तशी ती तेथेही फिरत होती. युद्ध आणि तहाच्या बाबी वेगळ्या गुप्त समितीमार्फत जात. जहाज बुडाले तर पत्र बुडते, म्हणून एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांनी पाठवीत. १८५८मध्ये कंपनीचा कारभार संपून भारतमंत्री, म्हणजे लंडनच्या सरकारात हिंदुस्थानचा कारभार पाहणारा मंत्री, आणि त्याचे इंडिया ऑफिस आले तरी ही घडी फारशी विस्कटली नाही, आणि मुंबईच्या गव्हर्नरचा भारतमंत्र्याशी थेट पत्रव्यवहाराचा अधिकारही टिकून राहिला.

या रीतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे ती काळाची. केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणारे पत्र चार ते सहा महिन्यांनी पोहोचे. म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांमध्ये कमीत कमी एक पावसाळा, बहुधा दोन. आता १८१८ हे साल डोळ्यांसमोर आणा. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेकडील होळकरांचा मुलूख कंपनीकडे आला. फेब्रुवारीत थाळनेरचा किल्ला पडला, मे-जूनमध्ये मालेगावला वेढा पडला, कॅप्टन ब्रिग्ज हे खानदेशचे पहिले पोलिटिकल एजंट झाले. हे सगळे चालू असताना लंडनचे संचालक फार तर त्याच्या आधीच्या वर्षीची पत्रे वाचत बसले असणार. खानदेश घ्यावा की नाही हे लंडनला विचारून ठरलेले नाही; घेतल्यानंतर त्याची मंजुरी आली. आमच्या कचेरीच्या भाषेत याला कार्योत्तर मंजुरी म्हणतात, आणि ती मिळणार अशी खात्री असलेला अधिकारी किती धीट होतो हे मी नोकरीत जवळून पाहिले आहे.

मंदसोरचा तह करणारे सर जॉन माल्कम पुढे १८२७मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. खानदेश कंपनीच्या पदरात टाकणाऱ्या याच गृहस्थाने लंडन आणि मुंबई यांमधले अंतर कमी करण्याचाही ध्यास घेतला. मुंबईच्या गोदीत ४११ टनांची ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट बांधली गेली आणि २० मार्च १८३० रोजी ती टपाल घेऊन सुएझकडे निघाली. अरबस्तानच्या किनाऱ्यावरील एडनपर्यंत पुरेल इतका कोळसा ठेवायला तिच्यात पुरेशी जागा नव्हती, म्हणून प्रवाशांच्या खोल्यांतसुद्धा कोळसा भरावा लागला, आणि साधारण महिनाभराने ती सुएझला लागली. तांबड्या समुद्राच्या वाटेने टपाल जाऊ शकते हे सिद्ध झाले. लंडनच्या संचालकांना मात्र त्यातले कौतुक दिसले नाही. त्यांना खर्च दिसला आणि त्यांनी नापसंती कळवली. बोटीला नाव कंपनीच्याच एका संचालकाचे दिले होते, तरी लेखापरीक्षकाचे मन द्रवले नाही! त्याच वर्षाच्या अखेरीस माल्कम त्याच बोटीने मायदेशी गेले.

आपण म्हणाल, यात खानदेश कोठे आला? मला तो असा दिसतो. उत्तर यायला वर्ष लागत होते तोपर्यंत धुळ्याच्या साहेबाच्या हाती बरेच काही होते. आगबोटीने टपाल सव्वा-दीड महिन्यावर आणले, १८६९मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि १८७०मध्ये समुद्रातली तार मुंबईला जोडली गेली तेव्हा लंडनचा प्रश्न त्याच दिवशी मुंबईच्या टेबलावर येऊ लागला. समुद्र आखडत गेला तसा कलेक्टरचा हात आखडत गेला. खानदेशातल्या अंमलाचा स्वभाव ब्रिग्ज आणि भिल्ल पलटण उभी करणारे आउट्रॅम यांच्या काळात वेगळा आणि १८७०नंतर वेगळा का वाटतो, याचे एक कारण तरी सागरी खात्याच्या टपाल-प्रकरणांत आहे असे माझे मत आहे. ते चुकीचे असल्यास आपण खोडून काढावे. पण त्यासाठी तरी ते कागद पाहावे लागतील.

आता मी सागाकडे येतो. या पत्राचे मुख्य कारण तेच आहे.

मुंबईची जहाजबांधणी सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने नावारूपास आणली. लवजी १७३६मध्ये मुंबईस आले, आणि पुढे त्यांच्या वंशजांनी केवळ कंपनीसाठीच नव्हे तर खुद्द ब्रिटिश आरमारासाठी लढाऊ जहाजे बांधली. १८१७ साली, म्हणजे महिदपूरच्या लढाईच्या दोनच महिने आधी, मुंबईत पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. ‘कॉर्नवॉलिस’ या मुंबईच्याच जहाजावर १८४२मध्ये चीनशी नानकिंगचा तह झाला. इंग्लंडचा ओक समुद्रात लवकर सडतो, साग सडत नाही आणि सागातले तेल लोखंडी खिळा गंजू देत नाही, हे आरमाराच्या लोकांना कळून चुकले होते. ही जुनी जहाजे मुख्यतः मलबारच्या सागाची. त्यांत आपला साग शोधायला जाऊ नये. पण मलबारचे जंगल अनिर्बंध तोडीने विरळ झाले. १८०६मध्ये तेथे सागाच्या पुरवठ्यासाठी वनरक्षक नेमून पाहिला, ते पद १८२०च्या दशकात रद्द झाले, आणि मग मुंबईच्या गोदीला लाकूड कोठून मिळणार हा प्रश्न पत्रांतून पुन्हा पुन्हा वर येऊ लागला. आरमाराचे मुख्य कार्यालय, म्हणजे ॲडमिरल्टी, कंपनीकडे विचारणा करणार. कंपनीचे संचालक मुंबई सरकारला खुलासा मागणार. मुंबई सरकार खालच्या अधिकाऱ्यांकडून माहिती मागवणार. ही उतरंड कोणत्याही कारकुनाला पाठ असते.

त्या उतरंडीच्या तळाशी होता डांग. आज डांग गुजरातेत आहे, त्यामुळे आपल्या नकाशातून तो पुसला गेला आहे. परंतु कंपनीच्या काळापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत डांगचा कारभार खानदेशच्या कलेक्टरकडे, पोलिटिकल एजंट या नात्याने, होता. १८३०मध्ये आउट्रॅम यांनी भिल्ल पलटण घेऊन डांगवर स्वारी केली ती खानदेशातूनच. आणि १८४२मध्ये कंपनी सरकारने डांगच्या भिल्ल राजांकडून तेथील जंगलाचे पट्टे लिहून घेतले. वर्षाला ठराविक रक्कम राजांना द्यायची आणि सागाची तोड सरकारने करायची, असा तो व्यवहार. त्यामागची गरज मुंबईच्या गोदीची होती. अंबिका आणि पूर्णा या डांगातून निघणाऱ्या नद्या पश्चिमेला समुद्राकडे जातात. लाकडाची वाट निसर्गानेच आखून ठेवली होती. १८४७मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची मुंबई इलाख्याचे पहिले वनरक्षक म्हणून नेमणूक झाली, तीही याच चिंतेच्या वातावरणात. आपण वन खात्याचा इतिहास लिहिताना तो दुष्काळ, पाऊस आणि शेती यांपासून सुरू करतो. त्याच्या मुळाशी जहाजाचा कणा आहे हे विसरतो.

मला या प्रकरणात एक गोष्ट फार बोचते. लढाऊ जहाजे पुढे लोखंडाची झाली. ज्या कारणासाठी डांगचे जंगल पट्ट्याने घेतले ते कारण पंधरा-वीस वर्षांत मावळले. कारण गेले म्हणून पट्टा गेला काय? नाही. तोवर रेल्वेला रुळांखाली घालायला लाकूड हवे झाले होते, पट्ट्यांचे नूतनीकरण झाले, जंगल राखीव होत गेले, आणि ज्यांच्या पूर्वजांनी कधी समुद्र पाहिला नव्हता अशा माणसांना आपल्याच रानात कुऱ्हाड नेण्यासाठी परवानगी लागू लागली. सरकारी कागदाचा हा गुण मी ओळखतो : एकदा नस्ती उघडली की ती ज्या कामासाठी उघडली ते संपले तरी बंद होत नाही, तिच्यात नवा विषय घातला जातो. आजही होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार भरतो आणि राजांच्या वंशजांना सालियाना दिला जातो. आमच्या साक्री, नवापूर भागातले लोक तो पाहायला जातात. त्या सालियान्याचे मूळ जहाजाच्या लाकडात आहे हे तेथे उभ्या असलेल्या किती जणांना ठाऊक असेल?

येथे एक सावधगिरीची सूचना करतो. हे सगळे कागद राज्यकर्त्यांचे आहेत. त्यांत डांगचा राजा येतो तो पट्टा लिहून देणारा म्हणून, भिल्ल येतो तो बंडखोर किंवा मजूर म्हणून, आणि साग येतो तो घनफुटांत. पट्टा वाचून दाखवला तेव्हा समोरच्याला त्यातले काय समजले, हे लंडनला गेलेल्या पत्रात मिळणार नाही. ते डांगात, साक्रीत, नवापुरात, लोकांच्या आठवणींत आणि गाण्यांत शोधावे लागेल, आणि त्या कामात आपल्या आदिवासी विद्यार्थ्यांचा हात आपल्या सर्वांपेक्षा वर असेल.

आउट्रॅम यांचे नाव वर आलेच आहे, म्हणून एडनविषयी थोडे. १८३७च्या आरंभी ‘दर्या दौलत’ नावाचे हिंदुस्थानी जहाज एडनजवळ फुटले आणि लुटले गेले. कोळशाच्या ठाण्यासाठी एडन हवेच होते, त्यात हे निमित्त मिळाले. मुंबई सरकारने पत्रामागून पत्रे लिहून पाठपुरावा केला, आणि १९ जानेवारी १८३९ रोजी इंडियन नेव्हीचे कॅप्टन हेन्स यांनी एडन घेतले. त्यानंतर १९३२पर्यंत एडनचा कारभार मुंबईशी बांधलेला होता. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे धुळ्याचा कलेक्टर आणि एडनचा एजंट हे दोघे एकाच सचिवालयाला पत्रे लिहीत होते. हेन्स यांचे हिशेब जुळेनात म्हणून १८५४मध्ये त्यांना परत बोलावले गेले आणि पुढे मुंबईच्या तुरुंगात त्यांची वर्षे गेली. त्यांच्या जागी एडनला कोण गेले? धरणगावला भिल्ल पलटण उभी करणारे आणि डांगवर चालून गेलेले तेच आउट्रॅम. खानदेशात टोळ्यांना पगारी शिपाई बनवण्याचा जो प्रयोग झाला, त्याचा अनुभव एडनच्या आसपासच्या अरब टोळ्यांशी वागताना किती कामी आला, हा मला प्रबंधाचा विषय वाटतो. तो मी कोणालाही फुकट द्यायला तयार आहे!

कापसाविषयी आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. एप्रिल १८६१मध्ये अमेरिकेच्या उत्तरेकडील सरकारने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, लँकशायरच्या गिरण्या अडल्या, भारतमंत्री सर चार्ल्स वुड यांच्यामागे मँचेस्टरवाल्यांनी तगादा लावला आणि तो तगादा मुंबईच्या गव्हर्नरपर्यंत, तेथून आपल्या कलेक्टरपर्यंत पोहोचला. १८६३मध्ये कापसातील भेसळ रोखण्यासाठी मुंबईने कायदा केला. थळ घाटातून रेल्वे १८६५मध्ये वर चढली, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतले युद्ध संपून भाव कोसळले. हे पाठ्यपुस्तकात आहे. मला सांगायच्या आहेत त्या दोन लहान गोष्टी. पहिली नावाची : लिव्हरपूलच्या बाजारात पश्चिम हिंदुस्थानचा आखूड धाग्याचा कापूस ‘सुरत’ या नावाखाली विकला जाई. खानदेशचा शेतकरी पिकवी, बैलगाड्या आणि पुढे रेल्वे तो मुंबईला नेई, तो मुंबईच्या बंदरातून जाई, आणि नाव मात्र अशा बंदराचे लागे ज्याचा व्यापार मुंबईने केव्हाच ओढून घेतला होता. समुद्रापलीकडे गेलेल्या कागदांत म्हणूनच ‘खानदेश’ शोधून सापडत नाही.

दुसरी गोष्ट मापाची. जळगाव, चोपडा, अमळनेरचे व्यापारी आजही रुईचा भाव खंडीवर बोलतात, आणि ती खंडी ३५६ किलोची असते. ही विचित्र संख्या कोठून आली असे मी एका जिनिंगवाल्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “बापजाद्यांपासून आहे.” मुंबईची कापसाची खंडी ७८४ पौंडांची होती, आणि ७८४ म्हणजे ११२ पौंडांचे बरोबर सात इंग्रजी हंड्रेडवेट. देशी खंडी इंग्रजी जहाजाच्या तराजूत बसवली गेली. दशमान पद्धत आली, साम्राज्य गेले, तरी किलोत रूपांतर करून आपण तेच वजन बोलत आहोत. बंदराचा हिशेब आपल्या तोंडात असा बसला आहे की तो आपल्याला आपलाच वाटतो.

आरमाराच्या खर्चाची बाब थोडक्यात सांगतो. ३० एप्रिल १८६३ रोजी इंडियन नेव्ही मोडून समुद्राची राखण ब्रिटिश आरमाराकडे सोपवण्यात आली, आणि मग त्याचे पैसे कोणी द्यायचे यावर लंडन आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात वर्षानुवर्षे पत्रांची फेकाफेक चालली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थान त्यासाठी वर्षाला १ लाख पौंड देत होता. शेतसारा हे तिजोरीचे मोठे साधन. तेव्हा रावेरच्या कुणब्याने भरलेल्या साऱ्याचा काही अंश इराणच्या आखातात फिरणाऱ्या गलबतावर खर्च होत होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

प्लेगच्या पत्रव्यवहाराकडे मात्र आपण जरूर पाहावे. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत गोदीलगतच्या मांडवी भागात प्लेग सापडला. युरोपातील बंदरांनी मुंबईहून येणाऱ्या जहाजांकडे संशयाने पाहायला सुरुवात केली, आणि हिंदुस्थानच्या मालावरच बंदी येते की काय अशी धास्ती लंडनला पडली. १८९७च्या आरंभी व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. त्याच सुमारास मुंबईहून हजला जाणारी वाहतूक थांबवली गेली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. त्या कायद्याची कलमे पाहा : जहाजांची तपासणी आणि रेल्वे प्रवाशांची तपासणी जवळजवळ एका श्वासात सांगितलेली आहे. रेल्वेच्या फलाटावर उतरवून बायामाणसांच्या काखा-जांघा तपासल्या गेल्या, त्याची आठवण आपल्याकडच्या जुन्या घरांत अजून निघते. रोग मुंबईहून रुळांवरून आत आला हे खरे. पण तपासणीतला तो उतावीळपणा आणि ती दमदाटी कोठून आली हे समजायचे तर जिल्ह्याचे कागद पुरत नाहीत, बंदरे बंद होतील या भीतीने लिहिलेली पत्रे वाचावी लागतात.

आता माझी विनंती. मुंबईला एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाकडे जुन्या सचिवालयाचे खातेवार खंड आहेत, त्यांत सागरी खातेही आहे. मुंबईच्या कामकाजाच्या नकला लंडनला पाठवण्याची पद्धत असल्याने पुष्कळ कागदांची दुसरी प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात सापडू शकते. म्हणजे येथे वाळवीने खाल्लेले पान तेथे शाबूत असण्याचा संभव असतो. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळासारखी संस्था आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ओसाड वाड्यांतून आणि वाण्यांच्या दुकानांतून कागद गोळा केले, आणि आयुष्याचा शेवट आपल्याच गावी केला. त्यांच्या मागून आपण सरकारी इमारतीत नीट लावून ठेवलेले कागदही पाहू नयेत हे बरे दिसत नाही.

दरवर्षी पदव्युत्तर वर्गातील निदान एका विद्यार्थ्याला सागरी खात्यातील एकाच विषयाचे दहा-पंधरा वर्षांचे कागद वाचायला द्यावेत, आणि त्यातील खानदेशाशी संबंध असलेल्या नोंदींची मराठीत सूची करून घ्यावी. प्रबंध नको, अनुमाने नकोत. फक्त तारीख, कोणाकडून कोणाला, विषय, सहपत्रे किती, आणि शेवटी काय आदेश झाला. अशी सूची पाच-सात वर्षे साठली की प्रबंध आपोआप सुचतील. हस्ताक्षर हा मोठा अडसर आहे हे मी जाणतो. कंपनीच्या कारकुनांचे अक्षर वळणदार असले तरी शब्दांचे संक्षेप आणि गावांच्या नावांची चिरफाड डोळ्यांना दमवते. धुळ्याचे, थाळनेरचे, नंदुरबारचे नाव प्रत्येक कारकून आपल्या कानाप्रमाणे लिहितो. त्यासाठी इंग्रजी चांगले असलेल्या विद्यार्थ्याशेजारी गावांची नावे आणि जुनी मापे माहीत असलेला एखादा म्हातारा बसवावा. असे म्हातारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांना चहाखेरीज मानधन लागत नाही, आणि त्यांच्या यादीत माझे नाव सर्वांत वर घालावे.

काम सुरू करताना एक ध्यानात ठेवावे. खंडांच्या मागे जोडलेल्या जुन्या सूच्यांमध्ये ‘खानदेश’ या अक्षराखाली शोधत बसू नये, हाती फारसे काही लागणार नाही. ‘लाकूड’ पाहावे, ‘कोळसा’ पाहावा, ‘टपाल’, ‘कापूस’, ‘विलग्नवास’ (क्वारंटाइन) पाहावे. मी स्वतः ‘लाकूड’पासून सुरुवात करीन.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
खानदेशातील एक निवृत्त अभिलेखपाल